जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करताना: इंदूरमधील नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या ज्या मराठी मंडळींना जुनी दोन आसनी किंवा उघड्या टपाची गाडी स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, पण या कामाचा पूर्वानुभव नाही, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने ब्रिटिश गाड्यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडे एमजी आणि स्टँडर्ड-ट्रायम्फ घराण्यातील गाड्यांवर काम करणारे हात अजून सापडतात. सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: गाडी शक्य तितका काळ स्वतःच्या चाकांवर उभी राहिली पाहिजे आणि तिची ओळख पटेपर्यंत तिला उघडू नये.

पहिल्या कामासाठी कोणती गाडी निवडावी?

जी पूर्ण आहे, जिचे कागद स्वच्छ आहेत आणि जिचे सुटे भाग आजही तयार होतात, ती निवडावी. आवड हा निकष महत्त्वाचा असला तरी पहिल्या गाडीच्या बाबतीत तो या तिन्हींच्या नंतर येतो.

स्टँडर्ड हेराल्ड ही शिकण्यासाठी फार चांगली गाडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नाही. परंतु मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली ही गाडी म्हणजे ट्रायम्फ हेराल्डचेच भारतीय रूप होय, आणि ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कारही हेराल्डच्याच चेसिसवरून विकसित झाली. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने आखलेल्या हेराल्डचा संपूर्ण पुढचा भाग बॉनेटसह पुढे उलटतो, त्यामुळे इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन दोन्ही हाताशी येतात. तिची चेसिस वेगळी आहे आणि बॉडीचे बहुतेक भाग बोल्टने जोडलेले आहेत. ज्याला अजून वेल्डिंग येत नाही त्याच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे.

एमजीच्या गाड्यांत एमजीए (१९५५ ते १९६२) आणि एमजीबी (१९६२ ते १९८०) या दोहोंचे जवळजवळ सगळे भाग ब्रिटनमध्ये आजही नव्याने तयार होतात. एमजीएला स्वतंत्र चेसिस आहे. एमजीबीमध्ये मात्र बॉडी हाच सांगाडा आहे, त्यामुळे तिचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही, तो गाडीच्या ताकदीचा प्रश्न होतो. १९४५ ते १९४९ या काळात बनलेली एमजी टीसी अत्यंत देखणी आहे. परंतु तिच्या बॉडीचा पत्रा ॲश लाकडाच्या चौकटीवर बसवलेला असल्याने फिटरबरोबरच चांगला सुतारही लागतो. शिवाय तिच्या इंजिनावरील बोल्टचे आटे मेट्रिक असून डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची आहेत, आणि हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच दिवशी आटे मारून ठेवतो.

संस्थानिकांसाठी खास बांधलेल्या गाड्यांचा मोह नवशिक्याने टाळावा. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्या ड्युझेनबर्गची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने हाताने बांधली होती. अशा गाडीचा दरवाजा, काचेची चौकट किंवा कडी कोणत्याही यादीत मिळत नाही, ती घडवूनच घ्यावी लागते. ते काम अनुभवी कार्यशाळांचे आहे.

अर्धी उघडलेली, खोक्यांत भाग भरून ठेवलेली गाडी स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?

पहिली गाडी म्हणून घेऊ नये. मोडलेला भाग दुरुस्त करता येतो, निदान नमुना म्हणून समोर असतो. हरवलेला भाग मात्र आधी ओळखावा लागतो, मग शोधावा लागतो आणि शेवटी विकत घ्यावा लागतो. गाडी ज्याने उघडली त्याला कोणता वॉशर कोठे होता हे ठाऊक होते, आपल्याला ते ठाऊक नसते. रंग उडालेली, बंद पडलेली, पण घड्याळापासून हबकॅपपर्यंत सर्व काही जागेवर असलेली गाडी ही चकचकीत पण अपुऱ्या गाडीपेक्षा केव्हाही सरस.

गाडी पाहायला जाताना काय न्यावे आणि काय तपासावे?

एक छोटे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्यावे, तसेच टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर, जमिनीवर अंथरायची सतरंजी आणि शक्य असल्यास एखादा जाणकार पत्रेकाम करणारा न्यावा. विक्रेत्याच्या परवानगीशिवाय कोठेही टोचू नये. मात्र परवानगीच मिळत नसेल तर त्यातूनही बरेच समजते.

दाराखालचा लांब पट्टा, ज्याला मिस्त्री सिल म्हणतात, तेथून सुरुवात करावी. नंतर पायाखालचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, दाराच्या बिजागऱ्यांखालचा खांब, डिकीचा तळ आणि मागील स्प्रिंगच्या टांगणीच्या जागा पाहाव्यात. जेथे लोहचुंबक पकडत नाही तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. एमजीबीच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. गाडी मधोमध तोलली जाईल अशा रीतीने एका बाजूने उचलली असता दार व बॉडीमधील फट कमी होत असेल, दार अडकत असेल, तर सिलच्या आतील पत्रा सडलेला आहे. बाहेरून नवीन पट्टा चढवून तो दोष झाकता येतो, दूर करता येत नाही.

गाडीने आयुष्य कोठे काढले हेही विचारावे. मुंबई किंवा कोकणपट्टीतील खारट हवेत राहिलेल्या गाडीच्या तुलनेत माळव्यातील गाडीचा पत्रा बहुधा चांगला असतो. तथापि काळ्या मातीच्या अंगणात वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी याला अपवाद आहे, कारण ही माती पाऊस संपल्यानंतरही ओल धरून ठेवते आणि गाडी वरून कोरडी दिसत असताना खालून सडत जाते. रामबागेतील किंवा नारायण बागेतील जुन्या घरांच्या अंगणात आजोबांची गाडी उभी असेल, तर तिला हात लावण्यापूर्वी चाकांखाली फरशी किंवा जाड फळ्या सरकवणे हे पुनरुज्जीवनाचे पहिले काम ठरू शकते.

कागदपत्रांविषयी किती काळजी घ्यावी?

पत्र्याच्या गंजापेक्षा अधिक. गंज पैसे आणि श्रम खर्चून निघतो, बेपत्ता कागद पुष्कळदा निघतच नाहीत. चेसिसवरील ठोकलेला क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आरसीशी ताडून पाहावेत. नुसती रिव्हेटने लावलेली पट्टी वाचून समाधान मानू नये, कारण पट्टी बदलता येते. गाडी दुसऱ्या राज्यातील असल्यास तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मूळ मालक हयात नसल्यास वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ असतो, आणि ही पायरी विक्रेत्याने आधी पूर्ण केल्याखेरीज पैसे देऊ नयेत. घरातल्या घरातील गाडी असली तरी हे काम भावंडांच्या लेखी संमतीने वेळीच उरकावे. एमपी ०९ ही इंदूरची मालिका बरीच नंतरची असल्याने त्याआधीच्या क्रमांकाच्या गाडीची नोंद संगणकीय प्रणालीत आहे की नाही, हे आरटीओत जाऊन खात्री करून घ्यावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. नव्या नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो, आणि ज्यांना त्या क्रमांकाचे मोल वाटते त्यांनी तो जरूर राखावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही. कोणते शुल्क आज लागू आहे हे अर्ज भरण्याच्या दिवशी पुन्हा तपासावे.

एकूण खर्च किती येईल?

गाडी न पाहता आकडा सांगणारा माणूस अंदाजाने बोलत असतो. खर्चाचा क्रम मात्र सांगता येतो. पत्रा आणि रंग यांवर सर्वाधिक पैसा जातो, क्रोमकाम आणि आतील गाद्या-हूड दुसऱ्या क्रमांकावर येतात, आणि बहुतेकांच्या समजुतीच्या उलट इंजिनाचा क्रमांक त्यानंतरचा असतो. परदेशातून भाग मागवताना भागाच्या किमतीखेरीज वाहतूक आणि सीमाशुल्क धरावे. म्हणूनच एकेक भाग न मागवता यादी पूर्ण करून एकत्र मागवणे परवडते. खरेदीच्या दिवशी सर्व शिल्लक गाडीवरच संपणार असेल, तर ती गाडी सध्या आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे समजून थांबावे.

किती जागा आणि कोणती हत्यारे लागतील?

गाडीच्या चारही बाजूंनी माणूस वाकून काम करू शकेल एवढी छप्पर असलेली, फरशीची, कुलूपबंद जागा हवी. मोकळे केलेले भाग गाडीपेक्षा जास्त जागा व्यापतात, त्यामुळे भिंतीला लोखंडी मांडण्या हव्यातच.

हत्यारांपैकी चांगला ट्रॉली जॅक आणि उचललेली गाडी टेकवण्यासाठी चार मजबूत घोड्या (स्टँड) यांवर काटकसर करू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, शिरू नये. विटांच्या थप्पीवरही गाडी टेकवू नये, कारण वीट पूर्वसूचना न देता फुटते. पान्यांच्या बाबतीत गाडीचे कूळ पाहावे. एमजीए, एमजीबी आणि हेराल्ड यांना मुख्यतः इंची एएफ पाने (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतरावरून मोजलेले) चालतात, युद्धकाळाच्या आसपासच्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ आणि बीएसएफ (बारीक आट्यांचे ब्रिटिश माप) मापाचे, तर फियाटसारख्या इटालियन गाड्यांना मेट्रिक. जवळपास बसतो म्हणून १३ मिलिमीटरचा पाना अर्धा इंची नटावर चढवू नये, नट गोल होतो. याशिवाय टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर आणि कॉम्प्रेशन गेज घ्यावेत. साधी हत्यारे सियागंजात सहज मिळतात. व्हिटवर्थचे पाने जुन्या बाजारात चिकाटीने शोधावे लागतात, आणि जुने असूनही ते बहुधा उत्तम पोलादाचे निघतात.

सर्वांत मोलाचे हत्यार म्हणजे त्या मॉडेलचे कारखान्याने छापलेले वर्कशॉप मॅन्युअल आणि चित्रांसह भागांची यादी. गाडी येण्याआधीच ती मिळवून वाचून काढावीत.

गाडी पूर्ण उघडून एकदम काम करावे, की चालती ठेवून टप्प्याटप्प्याने?

याच प्रश्नावर बहुतेक पहिल्या गाड्यांचे भवितव्य ठरते. पूर्ण उघडण्याच्या बाजूने दिले जाणारे कारण असे की सगळे एकदाच नीट होते. कुशल कार्यशाळेच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु एकट्याने, रविवारी आणि सुट्टीत काम करणाऱ्या माणसाच्या हातून उघडलेली गाडी महिनोन्महिने सांगाडा होऊन पडते, जागा रिकामी करण्याचा निरोप येतो, घरात लग्नकार्य निघते, उत्साह ओसरतो, आणि शेवटी ती वर वर्णन केलेल्या ‘खोक्यांतील गाडी’च्या रूपात दुसऱ्याला विकली जाते.

म्हणून चेसिस किंवा मुख्य सांगाडा धोकादायक रीतीने सडलेला नसेल तर टप्प्यांची पद्धत स्वीकारावी. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग आणि सस्पेन्शन, त्यानंतर इंधन आणि कूलिंग, त्यानंतर वीज, आणि गाडी सुरक्षितपणे चालू लागल्यावर इंजिनाचे मोठे काम, पत्रा, रंग, गाद्या. एका वेळी एकच व्यवस्था उघडावी आणि ती पूर्ण जोडल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. या पद्धतीत गाडी अधूनमधून चालते, तिच्या खोडी चालवताना कळतात, आणि मुख्य म्हणजे घरच्यांनाही तिच्यात बसायला मिळते. घरच्यांचा हा सहभाग मी दुय्यम मानत नाही. ज्या कामाचा आनंद वर्षानुवर्षे फक्त एकाच माणसाला मिळतो ते काम घरात टिकत नाही.

सांगाडाच सडलेला असेल तर मात्र हा क्रम लागू होत नाही. तेव्हा पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम सर्वांत आधी, आणि तेही दारे जागेवर ठेवून, आत आडव्या-तिरप्या पट्ट्यांचा आधार वेल्ड करून मगच करावे. अन्यथा सिल कापताच बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही.

भाग काढताना नोंदी कशा ठेवाव्यात?

प्रत्येक जोडाचे छायाचित्र आधी दुरून आणि मग जवळून घ्यावे. नट-बोल्ट शक्य तेथे भाग काढल्यावर त्याच जागी परत हाताने फिरवून ठेवावेत. जे ठेवता येत नाहीत ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत आणि बाहेर अशा दोन चिठ्ठ्या लावाव्यात, कारण तेलाने बाहेरची शाई पुसली जाते. गंजलेला, मोडलेला, निरुपयोगी दिसणारा भागही नवा भाग बसून गाडी चालेपर्यंत टाकू नये. तारांच्या चाकांच्या गाड्यांत डाव्या आणि उजव्या हबचे आटे परस्परविरुद्ध असतात, तेव्हा ते वेगळे आणि खूण करून ठेवावेत. त्यांची अदलाबदल झाली तर चालत्या गाडीचे चाक सुटू शकते.

इंजिन अनेक वर्षे बंद आहे. बॅटरी लावून स्टार्टर मारून पाहावा का?

मुळीच नाही, आणि गाडी ढकलून किंवा ओढूनही सुरू करू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ भेदक तेल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थोडे थोडे घालावे आणि काही दिवस मुरू द्यावे. त्यानंतर रॉकर कव्हर काढून झडपा मोकळ्या आहेत का ते पाहावे, कारण अडकलेली झडप पुशरॉड वाकवते. मग क्रँकच्या पुढच्या नटावर लांब पाना लावून इंजिन हाताने हळूहळू, पुढे-मागे, फिरवून पाहावे. जोर लावावा लागत असेल तर पुन्हा तेल घालून थांबावे. मोकळे झाले की जुने तेल काढून, शक्य असल्यास सम्प, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे पात्र, उतरवून तळाचा घट्ट गाळ स्वच्छ करावा, नवे तेल भरावे आणि प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवून गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत वाट पाहावी. तेलाचा दाब दिसल्यानंतरच प्लग आणि पेट्रोल.

तेल २०डब्ल्यू-५० दर्जाचे आणि जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांना लागणारे जस्ताचे संयुग पुरेशा प्रमाणात असलेले घ्यावे. आधुनिक गाड्यांचे महागडे पातळ तेल या इंजिनांसाठी योग्य नाही. ल्यूकस या ब्रिटिश विद्युत-उपकरण कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची फट ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, आणि या काळातील अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लगची फट ०.०२५ इंच असते. पुष्कळदा ‘इंजिन गेले’ असे सांगितलेली गाडी एवढी दोन मापे दुरुस्त करताच सुरू होते.

ब्रेकचे काम मी स्वतः करू शकतो का?

करू शकता, पण प्रत्येक टप्पा जाणकाराकडून तपासून घ्यावा. या काळातील बहुतेक गाड्यांत ब्रेकची एकच हायड्रॉलिक वाहिनी चारही चाकांना जाते, त्यामुळे कोठेही एक गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात आणि हाती फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, धातूच्या नळ्या आणि रबरी नळ्या सगळे एकाच वेळी नवे किंवा पूर्ण दुरुस्त करावे. बाहेरून धडधाकट दिसणारी जुनी रबरी नळी आतून फुगलेली असते, पायडल सोडले तरी ब्रेक धरून ठेवते आणि ड्रम तापतो. रबराला पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन तेल लावू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, तेव्हा ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये. मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

टायरवर नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांहून जुना टायर काढून टाकावा.

वायरिंग पाहूनच भीती वाटते. काय करावे?

ल्यूकसच्या तारांचे रंग ठरलेले आहेत, आणि ते एकदा लक्षात आले की भीती निम्म्याने कमी होते. तपकिरी तार बॅटरीकडून येते आणि सतत चालू असते, पांढरी किल्ली फिरवल्यावर चालू होते, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून पुढे जाते, निळी मोठ्या दिव्यांची, लाल पार्किंगच्या आणि मागच्या दिव्यांची, आणि काळी अर्थची. उंदरांनी कुरतडलेल्या किंवा इन्सुलेशन कडक होऊन तडकलेल्या जुन्या हार्नेसला, म्हणजे तारांच्या जुडग्याला, टेप गुंडाळत बसू नये. पूर्ण नवा हार्नेस घालावा. १९६७ पूर्वीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हे न तपासता आधुनिक रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडले तर ते क्षणात जळते. बॅटरीजवळ सहज हाताशी येणारा बंद करण्याचा स्विच अवश्य बसवावा.

आजचे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालेल का?

गाडी त्यावर चालेल, पण तिची तयारी करावी लागेल. इथेनॉलमुळे जुन्या पद्धतीचे रबर फुगते आणि चिरते, म्हणून पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची सीले आणि सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, व्हायटॉनसारख्या पदार्थाच्या असाव्यात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडते, इंजिन जास्त तापते, आणि चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या मे महिन्यात ते जाणवते. या ब्रिटिश गाड्यांवरील एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरमध्ये किंचित अधिक पेट्रोल सोडणारी सुई बसवून हे सावरता येते. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवणे श्रेयस्कर. शिशाचे पेट्रोल देशातून २००० साली गेले. तेव्हा बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडचे काम निघालेच तर एक्झॉस्ट झडपांना कठीण पोलादाची सीट बसवून घ्यावी.

जुन्या टाकीला भोक पडले असेल तर ती घरी वेल्ड करू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते.

पत्रा आणि रंगाचे काम कोणत्या ऋतूत, कसे करावे?

दिवाळीनंतर होळीपर्यंतचा कोरडा काळ माळव्यात सर्वोत्तम आहे. पावसाळी दमट हवेत मारलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरका पडतो, आणि उघड्या पत्र्यावर एका रात्रीत गंजाची झाक येते. जेवढा पत्रा त्या दिवशी स्वच्छ होईल तेवढ्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. चेसिससाठी सँडब्लास्टिंग उत्तम, पण बॉनेट आणि दारांच्या सपाट पत्र्यावर ते करू नये, पत्रा ताणून लाटा येतात. तेथे रंग काढण्याचे रसायन आणि हाताने घासणे हाच मार्ग. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

नवशिक्याने स्वतः रंग मारण्याचा हट्ट धरू नये. तयारी आपण करावी, अखेरचे हात अनुभवी पेंटरकडून घ्यावेत. मूळ छटा शोधायची असेल तर डॅशबोर्डच्या मागे, गाद्यांखाली किंवा डिकीच्या बिजागऱ्यांपाशी उन्हाने न उडालेला रंग मिळतो.

इंदुरात कोणती कामे होतात आणि बाहेर काय पाठवावे लागते?

सिलिंडर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश आणि पिन वळणे, ही कामे सांवेर रोड आणि पोलो ग्राउंडच्या औद्योगिक भागांतील लेथवाल्यांकडे नीट होतात. मात्र ‘नेहमीसारखे करा’ असे न सांगता मॅन्युअलमधील माप लिहून, नमुना भागासह द्यावे, आणि काम हाती आल्यावर मायक्रोमीटरने त्यांच्यासमोरच मोजावे. बारकाईने विचारणाऱ्या ग्राहकाचा चांगल्या कारागिराला राग येत नाही. रेडिएटरचा गाभा बदलणे, कमानी नव्याने बांधणे, गाद्या शिवणे हेही येथे होते. कार्ब्युरेटरची जेट-सुई, गेज आणि रबराचे आकारबद्ध भाग बाहेरून मागवणेच योग्य.

एमजीमध्ये ॲम्बेसेडरचे इंजिन बसवलेले आहे. ते काढावे का?

घाईने काढू नये. ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीए १५००चे इंजिन ही दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातील आहेत, आणि म्हणूनच भारतात अनेक एमजी या मार्गाने जिवंत राहिल्या. एमजीएचे हेड, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट वेगळे असल्याने शक्तीत फरक पडतो, पण शिकण्याच्या काळात बेअरिंग, गॅस्केट, पंप असे झिजणारे बरेच भाग सुलभतेने मिळणे ही मोठी सोय आहे. मूळ इंजिन गाडीसोबत मिळाले असेल तर तेलात भिजवून, कोरड्या जागी, क्रमांक झाकून जपून ठेवावे. व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर इंजिनाच्या बदलाचा प्रश्न येतो, तेव्हा आरसीवर कोणता इंजिन क्रमांक आहे हे सर्वांत आधी पाहावे.

पहिली फेरी कोठे आणि कशी घ्यावी?

आरसी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र वैध असल्याची खात्री करून, रविवारी पहाटे, सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद आणि सपाट रस्त्यावर घ्यावी. सिमरोलच्या घाटाचा किंवा मानपूरच्या उताराचा विचार तेव्हा करू नये. मागून दुसरी गाडी, त्यात अग्निशामक, दोरी, पाणी आणि हत्यारे घेतलेला माणूस असावा. निघण्यापूर्वी इंजिन चालू असताना ब्रेकचे पायडल जोरात दाबून एक मिनिट धरावे, ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी बाहेर काढू नये. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून चारही ड्रमांना हाताच्या मागच्या बाजूने, न टेकवता, उष्णता पाहावी. एकच ड्रम फार तापला असेल तर तेथील ब्रेक धरतो आहे. घरी आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळावेत, गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवावा आणि सकाळी कोणत्या जागी कोणत्या रंगाचा थेंब पडला आहे ते पाहावे. नव्याने बांधलेल्या इंजिनाचे तेल व फिल्टर पहिल्या ५०० किलोमीटरला बदलावे, आणि त्याच वेळी मॅन्युअलमधील क्रमानुसार व टॉर्कनुसार हेडचे नट तपासून झडपांची फट पुन्हा लावून घ्यावी.